चिमूटभर म्हणजे किती ग्रॅम

जुलै उजाडला की ठाण्यात राम मारुती रोडवर मोठ्या बॅगा आणि तीन लिटरचे कुकर घेणारी कुटुंबं दिसू लागतात. नौपाड्यातून, घोडबंदरच्या टॉवरमधून, खाडीपलीकडे वाशी-नेरुळमधून मुलं शिकायला किंवा नोकरीला बाहेर निघालेली असतात. बॅगेत गोडा मसाला, मेतकूट, भाजणी असं सगळं कोंबलं जातं आणि निघायच्या आदल्या रात्री आई वहीच्या पानावर चार पाककृती लिहून देते. ते पान सहसा उपयोगी पडत नाही. ‘डाळ शिजवून घ्यावी, फोडणी करावी, अंदाजाने मीठ-मसाला घालावा’ एवढ्यावर आमटी होत नाही. झालीच तरी ती आईची होत नाही.

आईने चुकीचं लिहिलं असं नाही, मात्र लिहायला चुकीचं माणूस बसलं. हाताला जे येतं ते डोक्याला दिसेनासं होतं. तीस वर्षं आमटी करणाऱ्या बाईला हिंग घालण्याआधी आपण गॅस बारीक करतो हे ठाऊकच नसतं, मग ती लिहिणार कुठून? म्हणून पाककृती जाणाऱ्याने लिहावी, राहणाऱ्याने सांगावी. हा मुद्दा पटवायला नटी आणि भारतीय स्वयंपाकाच्या लेखिका मधुर जाफरी यांच्याइतकं चांगलं उदाहरण नाही.

जाफरींचा जन्म १९३३चा, दिल्लीच्या माथुर कायस्थ घरातला. घरात स्वयंपाकी होते, त्यामुळे मुलीने चुलीपाशी जाण्याचा प्रश्नच नव्हता. शाळेतल्या स्वयंपाकाच्या परीक्षेत त्या नापास झाल्या होत्या. १९५०च्या दशकाच्या मध्याला अभिनय शिकायला लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमध्ये गेल्या आणि तिथल्या कँटीनच्या जेवणाने बेजार झाल्या. मग आईला पत्रं लिहिली आणि आईची उत्तरं एअरमेलने, हिंदीत, अगदी थोडक्यात आली. तीही आपल्या वहीच्या पानासारखीच त्रोटक. फरक वाचणारीत होता. पदार्थाची चव जिभेला नेमकी ठाऊक, पण कृती अजिबात ठाऊक नाही, अशी ती मुलगी होती. त्यामुळे पत्रातली प्रत्येक गाळलेली जागा तिला टोचली आणि ती भरल्याशिवाय पुढे जाता येईना. नापास झालेली मुलगी पुढे स्वयंपाकाची लेखिका झाली याचं अनेकांना नवल वाटतं. मला त्यात नवल वाटत नाही. परीक्षेत पास झाली असती तर तिने बहुधा ‘अंदाजाने’ हाच शब्द वापरला असता.

पुढचा प्रवास थोडक्यात. लंडनहून अमेरिका, सईद जाफरींशी लग्न, तीन मुली, घटस्फोट. ‘शेक्सपियरवाला’ चित्रपटासाठी १९६५ साली बर्लिन महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं रौप्य अस्वल मिळालं, तरी तेव्हाच्या न्यूयॉर्कमध्ये भारतीय नटीला कामं मिळणं अवघडच होतं. १९६६ साली न्यूयॉर्क टाइम्सचे खाद्यसमीक्षक क्रेग क्लेबॉर्न यांनी ‘उत्तम स्वयंपाक करणारी नटी’ म्हणून त्यांच्यावर लेख लिहिला आणि तिथून पुस्तकाचं सुरू झालं. ते १९७३मध्ये क्नॉफ प्रकाशनाकडून आलं. संपादिका होत्या जुडिथ जोन्स, म्हणजे ज्यांनी ज्युलिया चाइल्ड यांचं फ्रेंच स्वयंपाकाचं पुस्तक घडवलं त्याच. लेख ते पुस्तक या मधल्या सात वर्षांकडे नीट पाहा. पदार्थ घरचेच होते, चव ठाऊक होती, तरीही अमेरिकेतल्या अनोळखी स्वयंपाकघरात, तिथल्या भांड्यांत आणि तिथल्या दुकानातल्या मालावर तीच चव उतरवायची तर एकदा करून भागत नाही.

१९८२ साली बीबीसीवर त्यांची मालिका आली आणि कोथिंबीर हा शब्द ब्रिटिश घरांत पोहोचला. अभिनय आणि स्वयंपाक ही दोन कामं तिथे एकत्र आली. कॅमेऱ्यासमोर नुसतं करून भागत नाही, आता काय दिसतंय, कसला आवाज येतोय हे बोलावं लागतं, आणि नटीला ते येतं. ‘करी पावडर’ या डब्याशी त्यांचं कधी पटलं नाही. सगळ्या देशाच्या स्वयंपाकाला एकच शब्द आणि एकच पिवळी पूड लावणं त्यांना अपमानास्पद वाटे. मात्र जिथे पर्याय चालतो तिथे त्या हटून बसल्या नाहीत. काश्मिरी मिरचीचा रंग आणि माफक तिखटपणा हवा पण ती मिळत नाही, तर गोडसर पॅप्रिका आणि तिखट केयेन या मिरचीच्या दोन पुडींची जोडी वापरायची, ही युक्ती त्यांच्या पाककृतींत जागोजागी दिसते. आपल्यालाही ती उपयोगी आहे. ब्याडगीचा रंग पॅप्रिकाकडून घ्या, लवंगीचा तिखटपणा केयेनकडून. तीन भाग पॅप्रिका, एक भाग केयेन यापासून सुरुवात करा आणि जिभेप्रमाणे वाढवा. धुरावलेली पॅप्रिका वेगळी मिळते, ती चुकूनही नको, आमटीला जळकट वास येतो.

आता आपल्या स्वयंपाकघराकडे.

लागतं काय, तर दोन काटे. एक नेहमीचा, पाच किलोपर्यंत मोजणारा आणि एक ग्रॅमने पुढे सरकणारा. दुसरा छोटा, सोनारी धर्तीचा, ०.१ ग्रॅम दाखवणारा. दुसऱ्याशिवाय हिंग-हळदीच्या नोंदी निरर्थक आहेत, कारण मोठ्या काट्याला दोन ग्रॅमच्या खालचं नीट कळत नाही. चिमूटभर हिंग टाकला तर तो शून्यच दाखवत राहतो.

आईला ‘मोजून घाल’ म्हणू नका. मोजायला लावलं की हात बिचकतो आणि भलतंच प्रमाण पडतं. त्याऐवजी मिठाचा डबा काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. आईला नेहमीसारखं चिमटीने, चमच्याने, मुठीने काय घ्यायचं ते घेऊ द्या. काट्यावर वजा आकडा दिसेल. वजा ९ दिसलं म्हणजे ९ ग्रॅम मीठ पडलं. मसाल्याच्या डब्यातली छोटी वाटी उचलून छोट्या काट्यावर ठेवली की तिखट-हळदीचंही असंच करता येतं, फक्त वाटीसकट वजन छोट्या काट्याच्या क्षमतेत बसतंय ना ते आधी बघा. तेल बाटलीसकट मोजा. पाणी मात्र मोजपात्राने, कारण तांब्या भरून ओतताना अर्धं परत घेण्याची सवय सगळ्यांनाच असते.

एकदा मोजून थांबू नका. कोणी बघतंय म्हटलं की पहिल्या दिवशी हात आखडतो, मीठ-तिखट कमी पडतं. वेगवेगळ्या दिवशी तीनदा मोजा. तीन आकडे जवळपास असतील तर मधला घ्या. एखादा फारच वेगळा असेल तर त्या दिवशी काय वेगळं होतं ते विचारा. बहुधा उत्तर मिळतंच. चिंच नवी होती, डाळ जुनी होती, चार पानं वाढली होती.

वाटीची भानगड निराळी. मराठी पाककृतींची भाषा वाटी-चमच्याची आहे आणि घरच्या घरी ती उत्तम चालते, कारण सगळं एकाच वाटीने मोजलं की प्रमाण बिघडत नाही. पण वाटी कुणाकडे १०० मिलीची, कुणाकडे २०० मिलीची. अमेरिकन कप साधारण २४० मिलीचा, मेट्रिक कप २५० मिलीचा. छोटा चमचा सगळीकडे ५ मिली, मोठा चमचा बहुतेक ठिकाणी १५ मिली, पण ऑस्ट्रेलियात २० मिली. मेलबर्नला गेलेल्या मुलीने तिथला मोठा चमचा वापरून तीन चमचे तिखट घातलं तर चार चमच्यांचं काम होतं. मिठाचा घोळ याहून मोठा. आपल्या पाकिटातलं बारीक मीठ एक छोटा चमचा म्हणजे सुमारे ६ ग्रॅम. अमेरिकेत कोशर सॉल्ट नावाचं जाडं मीठ मिळतं, त्याचा तोच चमचा कंपनीनुसार साधारण ३ ते ५ ग्रॅम भरतो. म्हणून नोंद ग्रॅममध्येच हवी, चमचा नुसता सोबतीला.

नगांवरही विश्वास नको. ‘दोन कांदे’ हे ठाण्यात २०० ग्रॅम होतात, अमेरिकन दुकानातले दोन कांदे सहज पाव किलोचा एकेक. त्या दोन कांद्यांच्या भाजीला गोडी येते, पाणी सुटतं आणि मुलगा फोनवर म्हणतो, मसाला कमी पडला. मसाला तेवढाच असतो, कांदा अडीचपट असतो. लसणाच्या पाकळ्यांचंही तेच. गावठी पाकळी जेमतेम दोन ग्रॅम, तिकडची पाच-सहा. जुडी, पेर, मूठ हे शब्द खोडून आकडे लिहा.

आणि शिट्टी हे तर माप नव्हेच! शिट्टी किती वेळाने वाजणार हे आच, कुकरमधली रिकामी जागा, पाणी आणि शिट्टीचं वजन यांवर ठरतं. मोठ्या गॅसवर पाच मिनिटांत चार शिट्ट्या होतात आणि डाळ कच्ची राहते. लिहायचं ते असं: पहिली शिट्टी झाल्यावर गॅस बारीक, मग ८ ते १० मिनिटं, मग बंद, वाफ आपोआप जिरेपर्यंत झाकण उघडायचं नाही. ही तूरडाळ अर्धा तास भिजवलेली धरली आहे. विजेच्या कुकरला शिट्टी नसते आणि अनेकांतला दाब आपल्या गॅसवरच्या कुकरपेक्षा थोडा कमी असतो, म्हणून तिथे उच्च दाबावर १२ मिनिटं आणि मग १० मिनिटं वाफ आपोआप जिरू द्यायची. जाफरींनी २०१९ साली, पंच्याऐंशी ओलांडल्यावर, खास या विजेच्या भांड्यासाठी आख्खं पुस्तक लिहिलं. एअरमेलपासून सुरुवात केलेल्या बाईला त्या वयात पुन्हा मिनिटं मोजत बसावंसं वाटलं, ही गोष्ट मला त्यांच्या २०२२च्या पद्मभूषणाहून जास्त आवडते.

नमुन्यादाखल एक पूर्ण नोंद. चिंचगुळाची आमटी, चार जणांची, शेवटी साधारण एक लिटर.

तूरडाळ १५० ग्रॅम, शिजवायला पाणी ४५० मिली, नंतर घालायला उकळतं पाणी ५०० मिली. तेल २० मिली, मोहरी ३ ग्रॅम, हिंग ०.३ ग्रॅम, हळद १ ग्रॅम, कढीपत्ता ८-१० पानं. तिखट २ ग्रॅम, गोडा मसाला ५ ग्रॅम म्हणजे दोन-अडीच छोटे चमचे. चिंच १५ ग्रॅम, ६० मिली गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवून कोळलेली. गूळ २० ग्रॅम, मीठ ९ ग्रॅम, ओलं खोबरं १५ ग्रॅम, वरून कोथिंबीर.

डाळ शिजल्यावर गरम असतानाच घोटायची. तेल तापवून मोहरी टाका, तडतडणं थांबत आलं की आच कमी, मग हिंग, हळद, कढीपत्ता, आणि दहा सेकंदांत डाळ. उकळतं पाणी, तिखट, चिंचेचा कोळ, गूळ, मीठ घालून मध्यम आचेवर ८ मिनिटं. गोडा मसाला आणि खोबरं त्यानंतर, आणि पुढे फक्त ४-५ मिनिटं उकळी. मसाला आधी घालून पंधरा मिनिटं रटारटा उकळला तर दगडफूल-नागकेशराचा वास स्वयंपाकघरात राहतो, आमटीत राहत नाही.

काय बिघडतं तेही नोंदीत हवं, किंबहुना तेच जास्त हवं. डाळ शिजतच नाही, ही परदेशातली पहिली तक्रार. तीन कारणं. डाळ जुनी असते, दुकानात वर्षभर पडलेली. पाणी जड असतं. लंडनचं पाणी असंच आहे, त्यातला चुना डाळीच्या पेशी मऊ होऊ देत नाही. तिसरं कारण आपलंच: चिंच किंवा आमसूल डाळीबरोबरच कुकरला लावलेलं. आंबट पडलं की डाळ अडून बसते, म्हणून आंबट नेहमी डाळ शिजल्यावर. जड पाण्यावर उपाय म्हणजे खाण्याचा सोडा, या मापाला अर्धा ग्रॅम, त्याहून जास्त नको, साबणासारखी चव येते. गाळून घेतलेलं पाणी वापरलं तर सोडाही नको, पण जारमधली गाळणी पाण्याचा जडपणा कमी करणारी हवी.

दुसरी तक्रार जळक्या फोडणीची. विजेच्या शेगडीची कॉइल बटण फिरवल्यावर लगेच थंड होत नाही. आईच्या ‘गॅस बारीक कर’चं तिथलं भाषांतर ‘भांडं शेगडीवरून उचल’ असं करावं लागतं. मोहरी तडतडली की भांडं बाजूला, हिंग-हळद बाजूलाच. तिकडच्या घरांत धुराची घंटा असते हेही लिहा. पंखा आधी लावायचा, फोडणीनंतर नाही.

चिंचेचा बाटलीतला काळा अर्क मिळतो. तो घरच्या कोळाच्या कित्येक पट आंबट असतो, ५ ग्रॅमपासून सुरुवात करा. गूळ नसेल तर गडद ब्राउन शुगर चालते, चव किंचित काकवीकडे झुकते. मुख्य म्हणजे ती जास्त गोड लागते, तेव्हा १५ ग्रॅम पुरे. डबीतला हिंग शुद्ध नसतो, पिठात आणि डिंकात मिसळलेला असतो आणि प्रत्येक कंपनीचं मिश्रण निराळं, म्हणून नोंदीत कंपनीचं नाव लिहा. त्यातलं पीठ बरेचदा गव्हाचं असतं. घरी कुणाला ग्लुटेन चालत नसेल तर डबीची मागची बाजू वाचायची.

बॅगेत काय न्यायचं, याबद्दल वाशीच्या मसाला मार्केटमध्ये किंवा जांभळी नाक्यावर मालाची सगळी माहिती मिळेल, विमानतळावरच्या नियमांची मिळणार नाही. खसखस घातलेला मसाला दुबई-अबुधाबीला आणि सिंगापूरला नेऊ नका. खसखस तिथे अंमली पदार्थांच्या कायद्यात अडकते, आणि ‘घरचा मसाला आहे’ हे उत्तर तिथे चालत नाही. आखातात जाणाऱ्यासाठी गोडा मसाला खसखशीशिवाय करा, तीळ थोडे वाढवा, कुणाला कळणारही नाही. अमेरिकेत ताजा कढीपत्ता नेता येत नाही. लिंबूवर्गीय झाडांचा रोग पसरवणारी कीड त्यावरून जाते अशी तिथल्या कृषिखात्याची धास्ती आहे. ऑस्ट्रेलियात खाण्याचं जे काही असेल ते फॉर्मवर जाहीर करायचं. जाहीर केलेलं फार तर फेकून देतात, लपवलेल्याला दंड होतो.

मासे खाणाऱ्या घरांत नावांची अडचण असते. दिवाळे कोळीवाड्यातून किंवा उरण-पनवेलच्या आगरी घरातून गेलेला मुलगा सिडनीत जिताडा शोधत फिरतो आणि तो समोरच बर्फावर पडलेला असतो, बारामुंडी या नावाने. पापलेट पॉम्फ्रेट म्हणून गोठवलेलं मिळतं. युरोपातला मॅकरेल बांगड्याचा भाऊबंद, पण त्याहून तेलकट, म्हणून कालवणात तेल निम्मं करा आणि तिरफळं थोडी वाढवा. ओल्या बोंबलाला पर्याय नाही. सुका घेऊन जा, तोही तिकडच्या नियमात बसत असेल तर.

भाकरीबद्दल एवढंच, की पाकिटातलं ज्वारीचं पीठ जुनं असतं आणि जुनं पीठ चिकटपणा धरत नाही, भाकरी कडेने तडकते. उकळत्या पाण्याची उकड काढून मळलं तर थापता येते. पोळीसाठी कणीकच घ्यायची. ‘ऑल पर्पज’ लिहिलेला तो मैदा.

स्थलांतर एकाच दिशेने होतं असं नाही. ठाणे पूर्वेच्या कोपरी कॉलनीत आणि उल्हासनगरात फाळणीनंतर सिंध सोडून आलेली कुटुंबं राहतात. त्यांच्या आज्यांच्या हातचं लिहायला बसलात तर याच कसोट्या लागतात, आणि एक जास्तीची: शब्द. सिंधी कढी म्हटलं की मराठी वाचक ताक काढून बसतो. तिच्यात ताक नसतं. बेसन तेलात चांगलं तांबूस भाजून, पाणी घालून, चिंचेने किंवा आमसुलाने आंबट करून, भेंडी-बटाटा-शेवग्यासारख्या भाज्या घालून ती करतात. बेसन भाजताना ‘खमंग’ लिहून थांबलात तर मराठी हात पिठल्याच्या सवयीने फार लवकर थांबेल. इथे रंग लिहा, वेळ लिहा, बारीक आचेवर किती मिनिटं ते घड्याळ लावून बघा, आणि भाजणाऱ्या आजीला ‘आता झालं’ हे कशावरून कळलं ते त्याच क्षणी विचारा. नंतर विचारलं तर उत्तर ‘कळतं’ एवढंच येतं.

नोंद पुरी झाली की आईला स्वयंपाकघराबाहेर बसवा आणि जाणाऱ्याला कागदावरून आमटी करू द्या. आईने बोलायचं नाही. हे सगळ्यात अवघड, पण करावंच. तो जिथे जिथे अडेल, ‘आता काय?’ म्हणून वर बघेल, तिथे कागदावर एक वाक्य कमी आहे. ते त्याच वेळी, त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. दुसऱ्यांदा करताना अडखळणं तीन-चार जागांवर येतं. तिसऱ्यांदा चव आईने बघायची आणि बदल आकड्यात सांगायचा: गूळ पाच ग्रॅम जास्त, चिंच तेवढीच. ‘थोडं अजून’ चालणार नाही.

कागदावर तारीख, मिठाची आणि हिंगाची कंपनी, कुकर किती लिटरचा, हे लिहून ठेवा. तिकडे पोहोचून पहिली आमटी झाल्यावर आकडे पुन्हा बदलतील, पाणी ५० मिलीने वाढेल, मिनिटं सरकतील. जुना आकडा खोडरबरने पुसू नका, त्यावर एक रेघ मारा आणि शेजारी नवा लिहा, गावाच्या नावासकट.